नाटकासोबत अर्थशास्त्र

"नाटक शिकायला आलेल्या मुलीला अर्थशास्त्र कशाला हवंय?"

विभागप्रमुख मला विचारत होते. मुलीला नाही, मला. मुलगी माझ्या शेजारीच बसलेली होती.

टेबलाच्या अलीकडे आम्ही तिघं. मी, मयूरी आणि तिचे वडील दत्तराव. टेबलावर त्यांच्याच कॉलेजचं प्रॉस्पेक्टस उघडं होतं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. त्यातल्या एका ओळीखाली मी पेनानं रेघ मारली होती. ओळ अशी होती : नाटक हा मेजर विषय घेणारा विद्यार्थी मायनर म्हणून अर्थशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र किंवा महाविद्यालयातला इतर कोणताही विषय निवडू शकतो.

"ही ओळ तुमचीच ना, सर?"

"आमचीच. पण ते छापावं लागतं, मॅडम."

"छापावं लागतं म्हणजे?"

"नवीन धोरण आलंय. सगळे छापतात. आम्हीपण छापलं."

ते अगदी शांतपणे बोलले. चहाला साखर लागते, तसं प्रॉस्पेक्टसला ते वाक्य लागतं, एवढ्याच सहज. मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

मी वसमतच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. चोवीस वर्षं झाली. त्यातली गेली नऊ वर्षं करिअर गाइडन्सचं कामही माझ्याकडे आहे. हे काम कुणाला नको असतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. बारावीनंतर पोरांनी कुठं जायचं, कोणता फॉर्म कधी भरायचा, कोणता कागद काढायचा, हे सांगायचं. नव्वद टक्के पोरं तेच विचारतात : नर्सिंग, इंजिनिअरिंग, पोलीस भरती, डीएड. त्यांची उत्तरं मला झोपेतही देता येतात.

मयूरी आली तेव्हा मात्र मला उत्तर येत नव्हतं.

ती कुरुंद्याची. आमच्याकडे आर्ट्सला होती, भूगोल आणि अर्थशास्त्र दोन्ही घेतलेली. बारावीला कला शाखेत पहिली आली. पण कॉलेजात तिला सगळे ओळखायचे ते तिच्या एकांकिकेमुळे. गॅदरिंगला तिनं स्वतः लिहून बसवली होती. नाव 'टेलचं पाणी'. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत कसं पोचत नाही, एवढाच विषय. कालव्याच्या शेवटाला आमच्याकडे टेल म्हणतात. या एकांकिकेसाठी ती सहा वेळा पाटबंधारेच्या ऑफिसात जाऊन बसली होती. कालवा निरीक्षकाकडून पाणी सोडायचा तक्ता लिहून आणला होता. प्रयोगाला मागे बसलेले पालक रडले. आमच्या क्रीडाशिक्षकांनीही डोळे पुसले, आणि ते सहसा कशालाच हलत नाहीत.

निकालानंतर ती माझ्याकडे आली.

"मॅडम, मला नाटक शिकायचं हाय."

"बरं."

"पण नुसतं नाटक न्हाई. संगं अर्थशास्त्र पाहिजे."

मी म्हटलं, एकाचं काहीतरी ठरव. त्यावर ती जे बोलली ते मी डायरीत लिहून ठेवलंय. "मॅडम, नाटकात मी शेतकऱ्याला रडवू शकते. पण त्याचं पाणी कुठं गेलं ते मला सांगता येत न्हाई. तक्त्यात तर सगळ्यांला बराबर लिहिलंय. मग कमी कसं पडून राहिलं? ते मला शिकायचं हाय. न्हाईतर मी जन्मभर लोकांला रडवतच बसंन."

अठरा वर्षांची पोर. मी चोवीस वर्षांत इतकं स्पष्ट कारण कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांपैकी निम्म्यांना कारणच नसतं.

मी शोधायला लागले. नाटकाचे कोर्स दोन प्रकारचे असतात, हे मला तेव्हा कळलं. एक म्हणजे नाटकाची शाळा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाटक आणि फक्त नाटक. त्यात वाईट काही नाही, पण मयूरीला ते नको होतं. दुसरा प्रकार म्हणजे साध्या कॉलेजातली बीएची पदवी, जिच्यात मुख्य विषय नाटक. या मुख्य विषयाला आता मेजर म्हणतात. त्याच्यासोबत एक जोडविषय घ्यायचा, तो मायनर. शिवाय थोडे विषय दुसऱ्या शाखेतले. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. क्रेडिट म्हणजे त्या विषयाच्या तासांचं वजन. आठवड्याला एक तास, असं एक सेमिस्टर बसलात, की साधारण एक क्रेडिट. सगळी क्रेडिट जमली की पदवी.

कागदावर ही फार चांगली गोष्ट आहे. मयूरीसारख्या मुलीसाठीच जणू केलेली.

मी तीन कॉलेजं काढली. पहिलं मोठ्या शहरातलं, नावाजलेलं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. दुसरं आमच्याच मराठवाड्यातलं एक जुनं कॉलेज. त्याचं माहितीपत्रक म्हणजे चार झेरॉक्स पानं, एक वाकडं छापलेलं. तिसरं लांब होतं, ते आम्ही सोडून दिलं.

पहिल्या कॉलेजला मी फोन केला. स्वतः केला, मुलीला करायला लावला नाही.

"नाटकासोबत अर्थशास्त्र मायनर मिळेल का?"

"हो मॅडम, कुठलाही विषय मिळेल. आमचं मल्टिडिसिप्लिनरी कॉलेज आहे."

मी समाधानानं फोन ठेवला. माझी चूक इथं झाली. पण ती मला पुढं कळायची होती.

आमच्या प्राचार्यांना सांगितलं, तर ते खुर्चीत मागे रेलले.

"मॅडम, पहिली आलेली मुलगी. बीएड, यूपीएससी, काहीही करू शकते. नाटक? आपल्या बॅनरवर काय छापू? 'आमची गुणवंत विद्यार्थिनी, नाटक'?"

"छापा की, सर."

"पालक काय म्हणतील?"

पालक काय म्हणतील ते बघायला मी कुरुंद्याला गेले. दत्तरावांची हळद आणि सोयाबीनची शेती. हळद लावायची तयारी चालली होती, अंगणात बेण्याचे ढीग पडले होते. माणूस कमी बोलतो, पण प्रश्न नेमका विचारतो. मी सगळं समजावून सांगितलं. मेजर, मायनर, क्रेडिट. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी नाटक चाललं न्हाई, तरी पोरीला दुसरं कायतरी येत असंल."

"हो."

"आन नाटक चाललं, तर?"

"तर ती काय बोलते ते तिला कळत असेल."

ते हसले. मग म्हणाले, "तुमी बघितलंय ना कालेज?"

"फोन केलाय. पुस्तिका वाचलीय."

"तुमी म्हंता तर बराबर असंल. तुमच्या भरवशावर धाडतो."

हे वाक्य मला नंतर महागात पडलं.

जूनमध्ये ऑडिशन झाली. मयूरीनं 'टेलचं पाणी'मधला तुकडा केला, आपल्या बोलीत. परीक्षकांनी मध्येच थांबवून पुन्हा करायला लावला. तिला वाटलं, चुकलं. चुकलं नव्हतं. यादीत तिचं नाव वर लागलं. प्रवेश झाला, मूळ कागदपत्रं जमा झाली. त्यात टीसीही. टीसी म्हणजे आमचं कॉलेज सोडल्याचा दाखला. तो एकच असतो. तो ज्या कॉलेजात जमा, तिथंच तुमचा प्रवेश. तो हातात नसेल तर दुसरं कॉलेज तुम्हाला दारात उभं करत नाही.

कॉलेज सुरू झालं. आठ दिवसांनी तिचा फोन आला.

"मॅडम, लॉगिनवर माझा मायनर आलाय. थिएटर मॅनेजमेंट लिहिलंय."

"चुकून आलं असेल. ऑफिसात विचार."

"विचारलं. ते म्हंतेत, नाटकवाल्या सगळ्यांला तेच हाय."

"अर्थशास्त्र भरलं होतंस ना फॉर्मवर?"

"भरलं व्हतं. त्यांनी बदललं. मला न इचारता."

मी दुसऱ्या दिवसाची रजा टाकली. दत्तरावांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "मी येतो संगं." पूर्ण्याला गाडी बदलून आम्ही गेलो.

आणि आता आम्ही त्या टेबलासमोर बसलो होतो.

"हे बघा मॅडम," विभागप्रमुख म्हणाले, "मायनर नाही असं नाही. थिएटर मॅनेजमेंट आहे. तोही विषयच आहे."

"कोण शिकवतं?"

"मीच."

"आणि मेजर?"

"तोही आमचाच विभाग."

"म्हणजे नाटकाला जोड नाटकाची?"

त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, तुमचा हेतू चांगला आहे. पण कलावंताचं लक्ष एका ठिकाणी पाहिजे. आम्ही इथं सकाळी दहा ते सहा मुलांना घासून काढतो. त्यात इकॉनॉमिक्सचे तास कुठं बसवायचे? आणि खरं सांगू, या मुलीचं ऑडिशन अप्रतिम होतं. कच्चा माल फार चांगला आहे. पण तिची बोली घालवायलाच आमचं एक वर्ष जाणार. त्यावर अजून इकॉनॉमिक्स? झेपेल तिला?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी मयूरी बोलली. पहिल्यांदाच.

"सर, ऑडिशनला तुमीच म्हणले, 'पुन्यांदा म्हण, तशीच म्हण.' तवा बोली गोड लागली. मग आता घालवायची काहून?"

विभागप्रमुख प्रॉस्पेक्टसची पानं चाळायला लागले. मयूरीचं अजून संपलं नव्हतं.

"आन अर्थशास्त्र झेपतं का ते मार्कशीटवर लिहिलंय, सर. तुमच्या ऑफिसातच जमा हाय."

विभागप्रमुखांनी चष्मा परत घातला आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, यांना समजवा. सीट सोडली तर वेटिंगला वीस जण आहेत."

त्यांनी मुलीला उत्तर दिलंच नाही. राग मला याचा आला. तिचे विषय, तिची तीन वर्षं, आणि बोलणं सगळं माझ्याशी. जणू ती फॉर्मला टाचलेला फोटो होती.

आम्ही बाहेर आलो. विभागाच्या भिंतीवर नोटीस बोर्ड होता, त्यावर टाइमटेबल लावलेलं. आधी मयूरीच तिथं थांबली. मी तिच्यामागून वाचलं. नाटकाचं प्रात्यक्षिक सोमवार ते शनिवार, दहा ते सहा. मधे जेवणाची सुट्टी. त्यांच्याच थिएटर मॅनेजमेंटच्या मायनरचे तास सकाळी आठ ते दहा. खालच्या मजल्यावर अर्थशास्त्राचा बोर्ड होता, तोही आम्ही पाहिला. अर्थशास्त्राचे सगळे तास अकरा ते दोन. म्हणजे नाटकाच्या विद्यार्थ्यानं अर्थशास्त्र घ्यायचं ठरवलं, तरी त्याला एकही तास बसता आला नसता. एकही. इतिहासाचं तेच, मानसशास्त्राचं तेच. मी डायरीत सगळं उतरवून घेतलं.

ज्या कॉलेजनं 'कोणताही विषय' छापलं, त्याच कॉलेजनं कोणताही विषय घेता येणार नाही असं टाइमटेबल केलं. प्रॉस्पेक्टस आणि टाइमटेबल एकाच इमारतीत तयार होतात. एकमेकांना माहीत नसतं असं म्हणायला जागा नाही.

कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली. नाटकाचीच. मयूरीची तिच्याशी ओळख झालेली होती. मी तिला विचारलं, तुझा मायनर काय?

"मॅनेजमेंट. मी इंग्लिश लिटरेचर भरलं होतं. पहिल्या सेमिस्टरला सांगितलं, पुढच्या वेळी बघू. दुसऱ्याला सांगितलं, आता बदलता येत नाही. आता तिसरं सुरू झालंय."

"तक्रार नाही केलीस?"

"कुणाकडे, मॅडम? भूमिका तेच देतात."

भूमिका तेच देतात. यात सगळं आलं. नाटकाच्या विभागात शिक्षकाच्या मनातून उतरलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षं पडद्यामागे खुर्च्या उचलायला मिळतात. मग कोण बोलेल?

मी मयूरीला म्हटलं, "आता तूच ठरव. मी काही सांगत नाही. एकदा सांगून बघितलंय."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सोपं नव्हतंच. त्या कॉलेजचं नाट्यगृह मी पाहिलं होतं. खरा पडदा, वर दिव्यांची रांग, पाचशे खुर्च्या. आमच्या गॅदरिंगला मंडपवाल्याचे दोन हॅलोजन असतात. ती आठ दिवस त्या रंगमंचावर उभी राहून आलेली होती.

"हाल लई भारी हाय, मॅडम," ती म्हणाली. "पर आठव्या दिवशीच खोटं बोलले. तीन वर्षांत काय काय बोलतील?"

मग तिनं वडिलांकडे पाहिलं. दत्तराव चहा बशीत ओतून पीत होते. "तुला राहायचं तर राहा. यायचं तर चल. पर कुढत राहू नको," ते म्हणाले.

"चला," ती म्हणाली.

तो गुरुवार होता. मराठवाड्यातल्या त्या झेरॉक्सवाल्या कॉलेजला मी तिथूनच फोन लावला. जागा होती. प्रवेशाची शेवटची तारीख शनिवार. टीसी घेऊन या, म्हणाले.

आम्ही ऑफिसात गेलो. खिडकीमागच्या क्लार्कनं प्रवेश रद्द करायचा फॉर्म दिला. मयूरीनं भरला.

"सोमवारी या," तो म्हणाला.

"काहून?" दत्तराव.

"प्राचार्यांची सही लागते. ते बाहेरगावी आहेत."

"उपप्राचार्य आहेत ना?" मी म्हटलं.

"त्यांना अधिकार नाही."

"दुसऱ्या कॉलेजची मुदत शनिवारी संपते."

"त्याला आम्ही काय करणार, मॅडम? प्रवेश घेताना विचार करायचा असतो."

हे त्यानं आम्हाला सांगितलं. आम्हाला!

दत्तराव माझ्याकडे वळले. "मॅडम, कागद आपला, मग हे देऊन काहून न्हाई राहिले?"

याला उत्तर आहे आणि ते सगळ्या पालकांना माहीत असायला हवं. विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं कॉलेजनं अडवून ठेवायची नाहीत, असा नियम आहे. प्रवेश रद्द केला की कागद परत. पण नियम माहीत असून भागत नाही. खिडकीच्या आतल्या माणसाला, तुम्हाला तो माहीत आहे हे कळावं लागतं. आणि ते बोलून कळत नाही, लिहून कळतं.

मी बाकावर बसून अर्ज लिहिला. आठ ओळींचा. प्रवेश रद्द केला आहे, मूळ टीसी आणि गुणपत्रिका आज मागितली, कॉलेजनं सोमवारपर्यंत द्यायला नकार दिला, त्यामुळे विद्यार्थिनीचा दुसरीकडचा प्रवेश हुकल्यास जबाबदारी कॉलेजची राहील. खाली मयूरीची सही, वडिलांची सही. दोन प्रती केल्या. एक त्यांना द्यायची, दुसरी आपली. आपल्या प्रतीला ओसी म्हणतात, म्हणजे ऑफिस कॉपी. तिच्यावर त्यांनी आवक शिक्का, नंबर आणि तारीख घालायची. एकदा तो शिक्का पडला, की अर्ज मिळालाच नव्हता असं कुणाला म्हणता येत नाही.

क्लार्कनं अर्ज वाचला. चेहरा बदलला.

"असा अर्ज घेता येत नाही."

"का?"

"सरांना विचारावं लागेल."

"विचारा. आणि घ्यायचा नसेल तर 'घेता येत नाही' एवढंच या कागदावर लिहा. खाली तुमची सही करा. आम्ही जातो."

"मी कशाला लिहू?"

"तुम्ही नाही म्हणताय ना? मग नाही म्हणताय ते लिहून द्या."

तो आत गेला. आम्ही बाकावर. आतून अधीक्षक आले. ऑफिसचे मुख्य, पांढरा शर्ट. आवाज गोड होता.

"मॅडम, तुम्हीही शिक्षण क्षेत्रातल्याच. असं कडक कशाला? समजून घ्या."

"मी समजून घेतलं, सर. म्हणूनच लिहिलं."

"सोमवारी सकाळी पहिलं काम तुमचं करतो. माझा शब्द."

"तुमच्या फोनवरच्या माणसानंही शब्दच दिला होता, सर. अर्थशास्त्राचा."

दत्तरावांनी तेवढ्यात चपला काढल्या आणि बाकावर मांडी घातली. "मॅडम, तुमी तकलीफ नका घेऊ," ते अधीक्षकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पेरणी झाली, हळद लावून झाली. आता पंधरा दिवस मला कायबी काम न्हाई. मी बसतो हितंच."

ते रागानं म्हणाले नाहीत. बस लवकर आली तर बसू, नाहीतर थांबू, अशा सुरात म्हणाले. अधीक्षकांना तो सूर परवडला नाही. खिडकीवर इतर पालक थांबले होते. त्यातली एक बाई मला विचारायला लागली, ओसी म्हणजे काय हो? मी मोठ्यानं समजावून सांगितलं.

अधीक्षक आत गेले. आम्ही जवळजवळ पाऊण तास बसलो. मधेच आमच्या प्राचार्यांचा फोन आला.

"मॅडम, तुमची रजा कसली?"

"कॅज्युअल टाकलीय, सर."

"आहात कुठं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हणणार, मी आधीच बोललो होतो.

"टीसी आपल्या कॉलेजनं दिलेली आहे," ते म्हणाले. "ती अडवणारे हे कोण? द्या त्यांना फोन."

मी आत जाऊन फोन अधीक्षकांच्या हातात दिला. आमचे सर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. अधीक्षक तीनदा "हो सर" म्हणाले.

बाहेरगावी गेलेल्या प्राचार्यांची सही त्यानंतर दहा मिनिटांत मिळाली. ती कशी मिळाली, कुठून आली, मी विचारलं नाही. कदाचित ते वरच्या मजल्यावर असतील. कदाचित सही आधीच करून ठेवलेली असेल. टीसी, गुणपत्रिका, दोन्ही हातात आल्या. मयूरीनं प्रत्येक कागद उजेडाला धरून पाहिला आणि पिशवीत घातला.

शनिवारी आम्ही त्या दुसऱ्या कॉलेजात होतो. मी या वेळी प्रॉस्पेक्टस बॅगेतून काढलंच नाही. नाटकाचे विभागप्रमुख वाघमारे सर, पन्नाशीचे, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मी म्हटलं, "सर, आधी टाइमटेबल दाखवा."

त्यांना जरा नवल वाटलं. पण दाखवलं. नाटकाची थिअरी सकाळी दोन तास, प्रात्यक्षिक तीन ते सहा. मधला वेळ मोकळा ठेवलेला.

"हा मुद्दाम ठेवलाय," ते म्हणाले. "पोरांना दुसऱ्या विषयाला जाता आलं पाहिजे. त्यापायी प्राचार्यांशी दोन वर्षं भांडलो."

"याआधी कुणी दुसऱ्या विभागाचा मायनर घेतलाय?"

त्यांनी कपाटातून तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाची मार्कशीट काढली. मेजर नाटक, मायनर इतिहास. मी ती हातात घेऊन दोनदा वाचली.

"आता वाईट सांगतो," वाघमारे सर म्हणाले. "हॉल म्हणजे पत्र्याचं शेड आहे. सहा स्पॉटलाइट आहेत, त्यातले दोनच पेटतात. पाऊस आला की संवाद ऐकू येत नाहीत, थांबावं लागतं."

मग ते आम्हाला अर्थशास्त्राच्या मॅडमकडे घेऊन गेले. त्या तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे जितके तास घ्याल तितकाच मोबदला, कायम नोकरी नाही. त्यांनी माझ्याशी नाही, मयूरीशी बोलणं सुरू केलं.

"तुला अर्थशास्त्र कशासाठी पाहिजे?"

मयूरीनं टेलचं सांगितलं. तक्त्यात बराबर, शेतात कमी.

"पहिल्या वर्षी पाणी नाही येणार गं," त्या म्हणाल्या. "मागणी-पुरवठ्याचे आलेख येतील. कंटाळा येईल. पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. चालेल?"

"चालंल."

प्रवेश झाला.

दोन वर्षं झाली त्याला. सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. पहिल्या सेमिस्टरला मयूरीची अर्थशास्त्राच्या एका पेपरात एटीकेटी लागली, म्हणजे पेपर राहिला पण वर्ष वाया गेलं नाही. आकडेमोडीचा पेपर होता. ती मला फोनवर म्हणाली, "त्या सरांनी म्हणलं व्हतं, झेपंल का. बघा, न्हाई झेपलं." मी तिला रागावले. एका पेपरवरून त्या माणसाला खरं ठरवू नकोस म्हटलं. पुढच्या खेपेला तिनं तो काढला. शेडमध्ये तिनं चार नाटकं केली, एक बसवलं. युवक महोत्सवात बक्षीस मिळालं नाही. तिथं तिला त्या मोठ्या कॉलेजची मुलं दिसली. त्यांचा प्रकाश चांगला होता, असं तिनं मला कळवलं. बाकी काही लिहिलं नाही.

मी मात्र गप्प बसले नाही. विद्यापीठाला लेखी तक्रार केली. दोन्ही टाइमटेबलची नक्कल जोडली, प्रॉस्पेक्टसचं पान जोडलं. चार महिन्यांनी उत्तर आलं : आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी संबंधित महाविद्यालयाकडे पाठविण्यात आला आहे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याचकडे. कॉलेजचं उत्तर मला आलेलं नाही. कॅन्टीनमधली ती मुलगी आता पदवीधर झाली असेल. तिच्या मार्कशीटवर इंग्रजी साहित्य कुठंच नसेल.

यंदाही त्यांचं प्रॉस्पेक्टस आमच्या कॉलेजला पोस्टानं आलं. ती ओळ तशीच आहे. 'कोणताही विषय'. कागद तेवढा आणखी जाड झालाय.

आमच्या प्राचार्यांनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "मॅडम, हे लावायचं का नोटीस बोर्डावर?"

"टाइमटेबल सोबत पाठवलंय का?"

"नाही."

"मग नको."

आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी तेच सांगते, मग मुलगी नाटकाला जाणार असो की नर्सिंगला. पुस्तिका घरी वाचा. कॉलेजात गेल्यावर टाइमटेबल मागा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याची मार्कशीट बघा. जे टाइमटेबलात नाही, ते त्या कॉलेजात नाही.